राजेळी केळ्याची बिअर

कोणी म्हणजे कोणी यावर विश्वास ठेवणार नाही, पण टोरोंटोच्या एटोबिकोत, उतरणाऱ्या विमानाच्या पोटावरचे पत्रे दिसावेत इतक्या जवळच्या एका घराच्या बेसमेंटमध्ये एक माणूस गव्हाची बिअर करायचा आणि त्या बिअरला वसईच्या राजेळी केळ्याचा वास यायचा. केळ्याचं सालसुद्धा न घालता. माणसाचं नाव सिरील तुस्कानो. एअरपोर्टवर सामानाचे पट्टे दुरुस्त करण्यात सगळी नोकरी गेली आणि रिटायर झाल्यावर हातांना काही काम हवं म्हणून त्यानं बादली, नळी आणि बाटल्यांना बूच ठोकायचं यंत्र आणलं. पहिल्याच वर्षी बाटली उघडली, अंगणात बसलेल्या पाहुण्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. केळं! पिकून काळं पडत आलेलं, उन्हात वाळवायला घेतलेलं केळं!

"हे कसं काय रे?" जुन्या ओळखीच्या बळवंतरावांनी विचारलं.

आता सिरीलला असा प्रश्न विचारणं म्हणजे उतारावर गाडीचा ब्रेक काढणं. तो खुर्चीत पुढे सरकला. म्हणाला, आम्ही पहिल्यांदा टोरोंटोला उतरलो ना, तेव्हा आईनं दिलेली सुकेळी, वाळवलेली राजेळी केळी, होती बॅगेत. कस्टम्सच्या साहेबानं बॅग उघडली. हा एवढा माणूस, मिशा कानापर्यंत. पॉलिन लटलटा कापायला लागली, न विचारताच सगळं कबूल करून मोकळी झाली. साहेबानं एक सुकेळं तोडलं, तोंडात टाकलं आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी! त्याला त्याची आई आठवली. एक सोडून सगळी त्यानंच खाल्ली. ते उरलेलं एक सुकेळं मी बरणीत घातलं, ते फसफसलं, आणि जसं दह्याचं विरजण पुढच्या दह्याला लावतात तसं तेच आजपर्यंत चाललंय. ही बिअर नाही, बळवंतराव. माझ्या आईच्या वाडीची नात आहे ही.

सगळे पोट धरून हसले. त्याची बायको पॉलिनही बशा उचलता उचलता ओठांत हसली. आईनं सुकेळी दिली होती हे खरं होतं, फक्त ती विमानातच संपली होती, आणि कस्टम्सच्या साहेबाशी इंग्रजीत बोलली होती ती पॉलिन. सिरीलची तर जीभ टाळूला चिकटली होती.

बिअरचं खरं कारण एका हातात मावेल एवढ्या कागदी पुडीत होतं. दुकानात मिळणारं सुकं यीस्ट. दुकानदारानं पहिल्या वेळी बजावून सांगितलं होतं की बादली थंड जागी ठेव. पण सिरीलनं आयुष्यात आंबवणं पाहिलं होतं ते फुग्यांच्या, म्हणजे वसईकडच्या तळलेल्या गोल पावांच्या पिठाचं. आई पीठ मळायची, त्यावर बोटानं क्रूस काढायची आणि भांडं गोधडीत असं गुंडाळून ठेवायची की जणू आत तापाचं पोर आहे. तेव्हा सिरीलनंही यीस्ट भुरभुरवलं, वरच्या फेसावर हवेतच क्रूस काढला आणि ऐन उन्हाळ्यात बादलीला क्विल्ट गुंडाळलं. आतलं यीस्ट उकाड्यानं पिसाळलं आणि त्यानं केळ्याचा वास सोडला. एवढंच. बिअरच्या बाबतीत काटेकोर अशा कुठल्याही जर्मन माणसानं कपाळावर हात मारून घेतला असता. सिरीलनं मात्र चुकीला देशी वळण दिलं आणि दर उन्हाळ्यात क्विल्ट बाहेर काढू लागला. रिकाम्या पुड्या तो कचऱ्याच्या पिशवीत चहाच्या चोथ्याखाली दाबायचा. कचरा बाहेर नेऊन ठेवायची पॉलिन. तिला ठाऊक होतं. बळवंतरावांनाही ठाऊक असणार, कारण त्यांची उभी हयात केमिकल इंजिनियर म्हणून गेली. पण फुकटच्या बिअरला केमिस्ट्री विचारू नये एवढा व्यवहार त्यांना कळत होता.

२०१६चा उन्हाळा टोरोंटोला भाजून काढणारा होता. जुलैतल्या एका दुपारी सिरील बेसमेंटमध्ये मोठ्या पातेल्यातला गव्हाच्या माल्टचा रस निवायची वाट बघत होता. हॉप्सच्या फुलांचा कडसर वास जिन्यापर्यंत पोचला होता. पॉलिन खाली आली आणि डीप फ्रीझरच्या झाकणावर बसली. ती तिथे कधी बसत नसे.

"सिरील, मी डिम्पलकडे चाललेय. व्हँकुव्हरला."

"जा की लेकीकडे. इथं उकडून मरण्यापेक्षा बरं. किती दिवस?"

"दिवसांचं नाही सांगत मी. जातेय."

सिरीलच्या हातात यीस्टची पुडी होती. ती त्यानं कात्रीनं कापायला घेतली होती, ती तशीच राहिली.

"काय झालं आता?"

"डिम्पलच्या केयानं शाळेत चित्र काढलं. बर्फ, रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा मोठा पिवळा स्नोप्लाऊ आणि त्याच्यातून बाहेर आलेलं बाळ. खाली लिहिलं, 'माय मॉम वॉज बॉर्न हिअर.' सगळ्या वर्गासमोर सांगितलं तिनं. टीचरनं डिम्पलला फोन केला, किती वंडरफुल स्टोरी म्हणून."

"मग चांगलं आहे की! नात माझ्यावर गेली."

"डिम्पलनं मला विचारलं, मॉम, आय वॉज बॉर्न इन मे. मी समजत होते डॅड माझ्या जन्माच्या गोष्टीत नुसता बर्फ घालतो. पण प्लाऊ होता ना? तू म्हणालीस होता. मग त्यातलं बाळ कोण?"

पातेल्यातला रस निवत होता. वर एक विमान गेलं, खिडकीची काच हलली.

"तू काय सांगितलंस?" सिरीलनं विचारलं.

"जे होतं ते. चाळिशीत आली पोरगी, आणि तिला मी पहिल्यांदा सांगितलं की तुला एक भाऊ होता. फोनवर रडली ती. मी नाही रडले. मला राग आला. इतकी वर्षं कसा नाही आला कोण जाणे."

"अगं, गोष्ट आहे ती. लोक हसतात."

"लोक हसतात. आणि मी तिथं फुग्यांचं ताट घेऊन उभी असते."

"मग सांगायचं ना मला कधी!"

"सांगितलं होतं. पहिल्याच वेळी सांगितलं होतं. तू म्हणालास, रडून काय मिळणार आहे, हसायला शीक. मी शिकले."

सिरीलनं पुडी टेबलावर ठेवली, परत उचलली. त्याला वाटलं आता ती ओरडेल, मग आपण काहीतरी बोलू, मग ती वर जाईल आणि संध्याकाळी सगळं नीट होईल. त्यांच्या घरात असंच नीट होत आलं होतं. पण पॉलिनचा आवाज ग्रोसरीला काय आणायचं हे सांगताना असतो तसाच होता.

"बाटल्या उघडशील तेव्हा माणसं येतील. बळवंतराव ती गोष्ट मागतीलच. तेव्हा सांग. जशी झाली तशी, शेवटपर्यंत. सगळ्यांसमोर मोडलीस, सगळ्यांसमोरच नीट कर. एवढं केलंस तर मी बॅग उघडते आणि कपडे परत कपाटात ठेवते. नाही केलंस तर दुसऱ्या दिवशी मी एअरपोर्टवर."

"आणि बिअरचं? केळ्याचं? तेही खरं सांगू?"

"ते सांग तुला हवं तसं. केळ्यानं कुणाचं काही दुखत नाही."

ती वर गेली. सिरीलनं रसात बोट घालून बघितलं, यीस्ट भुरभुरवलं. करडी भुकटी वर तरंगत राहिली आणि मग हळूहळू ओली होऊन बुडाली. हात सवयीनं क्रूस काढायला उठला आणि अर्ध्यावरच थांबला. त्यानं झाकण लावलं. क्विल्ट मात्र गुंडाळलं.

खरी हकिगत एवढीशीच होती. त्यांचा इथला दुसरा हिवाळा. जानेवारीतल्या एका दुपारी वादळ आलं, गाडी बर्फात गेली, टॅक्सी मिळेना, ॲम्ब्युलन्स वाटेत अडकलेली आणि पॉलिनला कळा सुरू. सिरील कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला आणि आलेल्या स्नोप्लाऊपुढे दोन्ही हात पसरले. प्लाऊवाल्यानं त्यांना हॉस्पिटलपर्यंत नेलं. तोवर उशीर झाला होता. मुलगा होता. पहिल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं, म्हणून त्याचं नाव आधीच ठरलेलं होतं, बस्त्याव. प्लाऊवाला कॉरिडॉरमध्ये टोपी हातात घेऊन बराच वेळ उभा होता आणि मग निघून गेला. दोन दिवसांनी सिरील कामावर गेला, तेव्हा पट्ट्यापाशी सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. बॉय ऑर गर्ल? बॉय ऑर गर्ल? त्या हसऱ्या तोंडांकडे बघून सिरीलच्या तोंडून निघून गेलं, गर्ल. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी डोनट आणले. त्यानं डोनट खाल्ला. पुढच्या वर्षी मे महिन्यातल्या एका लख्ख दिवशी डिम्पल झाली, आणि सिरीलला वाटलं की आता ते खोटं राहिलं नाही. फक्त तारखा जरा इकडच्या तिकडे झाल्या.

नंतर त्या गोष्टीला पंख फुटले. प्लाऊवाला सात फुटी झाला. लाल सिग्नल तोडणाऱ्या प्लाऊमागे पोलीस लागले आणि प्लाऊनं उडवलेल्या बर्फात गाडीसकट पुरले गेले. पॉलिन वाटेत इतकी किंचाळली की सिमको तलावातले मासे गोठलेल्या बर्फाखालून उलटे पोहायला लागले. शेवटी प्लाऊ हॉस्पिटलच्या पायरीवर आदळला आणि त्या धक्क्यानं बाळ बाहेर आलं, सरळ प्लाऊवाल्याच्या टोपीत. ही गोष्ट सिरीलनं पिकनिकला सांगितली, ख्रिसमसला सांगितली, चर्चच्या हॉलमध्ये माइकवर सांगितली.

आता तो रोज बेसमेंटमध्ये जाऊन बसू लागला. बादलीच्या झाकणावरच्या नळीतून बुडबुडे येत होते, गुळुप, गुळुप, लक्ष देऊन ऐकणाऱ्या म्हाताऱ्यासारखे. सिरील बादलीसमोर गोष्ट म्हणून बघायचा. सुरुवात छान जमायची. बर्फ, गाडी, कोपरा. प्लाऊ आला की जीभ आपोआप उड्या मारायला लागायची, तिला तो आवरायचा. पण कॉरिडॉर आला की गोष्ट त्याच्या हातातून निसटून आपल्या जुन्या वाटेनं धावत सुटायची आणि त्याच्या आधी टोपीपाशी जाऊन उभी राहायची. एकदा तो हळूच बादलीला म्हणाला, "मुलगा होता." नळी गुळुप म्हणाली. त्याच्यानं पुढे बोलवेना. तो वर जाऊन टीव्हीसमोर बसला. पॉलिननं हॉलमध्ये, वॉशरूमच्या दाराशी बॅग आणून ठेवली होती. निळी, चाकांची. वॉशरूमला जाताना दर वेळी तिच्या कडेनं जावं लागायचं.

बुडबुडे थांबले, बिअर बाटल्यांत गेली, बाटल्या मुरल्या. ऑगस्टमधल्या एका शनिवारी दुपारी अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. बळवंतराव आणि त्यांच्या पत्नी छायाताई नेहमीचेच. या वेळी त्यांनी आपल्या कॉन्डोतलं एक नवं जोडपं बरोबर आणलं, विक्रम आणि गौरांगी. दोघं पुण्याहून आलेली, तो बँकेत आयटीत, ती सध्या घरी, कारण तिला सातवा महिना होता. सिरीलनं तिचं पोट पाहिलं आणि त्याच्या मनात काहीतरी एकदम सैल पडलं. एक फट दिसली. या पोरीसमोर कसं सांगायचं ते? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

गौरांगीला लिंबू सरबत मिळालं, बाकीच्यांना बिअर. पिवळी, गढूळ, वर जाड फेस.

"ओ माय गॉड, अंकल! केळं!" विक्रम ओरडला.

मग कस्टम्सचा साहेब आला, त्याच्या मिशा आल्या, सुकेळ्याचं विरजण आलं. या खेपेला साहेबाबरोबर एक कुत्राही होता आणि तोही रडला. सिरीलचा आवाज आज जरा चढा लागला होता. बळवंतरावांनी ग्लास पुन्हा भरून घेतला आणि सिरीलला ज्याची धास्ती होती तेच म्हणाले.

"हे काहीच नाही, विक्रम. सिरील, ती प्लाऊची सांग! यांनी नाही ऐकली."

"आज नको, बळवंतराव. आज दुसरी सांगतो. मूस हरीण घरात शिरल्याची."

"मूस गेला खड्ड्यात. प्लाऊची सांग."

"सांगा ना अंकल," गौरांगी म्हणाली. "छायाकाकू येताना गाडीत सांगत होत्या, बाळाची आहे, खूप गोड आहे. मला आता सगळे नुसत्या भीतीच्या गोष्टी सांगतात. कुणाचं सिझर, कुणाचं काय. एक तरी चांगली ऐकू दे."

पॉलिन फुग्यांचं ताट घेऊन बाहेर आली होती. एरवी या गोष्टीला ती ताट टेबलावर टेकवायची आणि चहाचं निमित्त करून आत जायची. आज तिनं ताट ठेवलं, खुर्ची ओढली आणि सिरीलच्या बरोबर समोर बसली. हात मांडीवर.

सिरीलनं घोट घेतला. बिअर भलतीच गोड लागली.

"आमचा इथला दुसरा हिवाळा," तो म्हणाला. "जानेवारी. दुपारची वेळ. असं वादळ आलं की समोरचं घर दिसेना. पॉलिनला कळा सुरू झाल्या."

बळवंतराव हसायच्या तयारीत पुढे झुकले. मासे यायचे होते. मासे आले नाहीत.

"गाडी निघेना. मी हातांनी बर्फ उपसत होतो. बर्फाचं फावडं कुठं ठेवलं होतं तेही सुचेना. फोन केला, ते म्हणाले ॲम्ब्युलन्स निघालीय. ती येईचना. पॉलिन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती, कोट घालून. ती ओरडली नाही. एकदासुद्धा नाही. मला म्हणाली, सिरील, घाई कर, तो हलत नाहीये."

पॉलिननं मान वर केली. इतक्या वर्षांत ते वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

"नवीन व्हर्जन दिसतंय," बळवंतराव छायाताईंच्या कानाशी पुटपुटले. छायाताईंनी त्यांच्या हातावर हात ठेवून त्यांना गप्प केलं.

"मी कोपऱ्यावर गेलो. प्लाऊ येत होता. मी मधे उभा राहिलो, हात पसरून. प्लाऊवाला साधासा माणूस होता. माझ्याच उंचीचा. त्यानं पॉलिनला उचलून वर बसवलं. वाटेत काचेवरचे वायपर तेवढे चालू होते. हॉस्पिटलात पॉलिनला आत नेलं आणि आम्ही दोघं बाहेर कॉरिडॉरमध्ये."

तो थांबला. त्याला स्वतःचंच नवल वाटत होतं. गोष्ट हातात होती. लगाम तुटला नव्हता. समोर पॉलिन बसली होती आणि तिचा चेहरा कित्येक वर्षं पाहिला नव्हता तसा होता, उघडा, जिन्याच्या पायरीवर बसलेल्या बाईचा. आता दोनच शब्द. मुलगा होता. मग एक वाक्य. मग निळी बॅग आडवी पाडून तिची चेन उघडायची, स्वतःच्या हातांनी.

"मग?" गौरांगीनं विचारलं. तिचा हात नकळत पोटावर गेला होता. "मग काय झालं, अंकल? बाळ?"

सिरीलनं तिच्या हाताकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे. पट्ट्यापाशी गोळा झालेल्या त्या सगळ्या तोंडांसारखंच होतं ते, हसायला उतावीळ, जरासं उघडं. त्यानं श्वास घेतला. जीभ हलली, पण ते दोन शब्द तिच्यावर येईनात. अंगणात इतकी शांतता झाली की ग्लासातला फेस बसतानाही ऐकू यावा. ती शांतता त्याला सोसेना.

"मग काय!" सिरील म्हणाला आणि त्याचा हात आपोआप हवेत उठला. "प्लाऊवाल्यानं टोपी काढली, मनातल्या मनात देवाला हाक मारली, आणि त्याच घटकेला धाडकन दार उघडलं! आणि आतून आवाज आला, गौरांगी, असा आवाज, की बाहेर उभ्या प्लाऊचा भोंगा लाजून बंद पडला! सगळं हॉस्पिटल दणाणलं! तान्ह्या बाळाचं असं रडणं एटोबिकोनं ना त्याआधी ऐकलं होतं, ना..."

विक्रम टाळ्या वाजवत होता. बळवंतराव सुटल्यासारखे हसले. गौरांगीनं डोळे पुसले आणि पोट कुरवाळलं.

"खोटं," पॉलिन म्हणाली. मोठ्यानं, कुंपणापलीकडे जाईल इतक्या मोठ्यानं. "नाही रडला तो."